नाफड्यांच्या दोन सह्या

विश्वंभर नाफडे यांचा उजवा हात पहिल्यांदा थरथरला तेव्हा तो हात काहीच करत नव्हता. फाउंड्रीच्या कँटीनमध्ये ते समोशाची वाट बघत बसले होते. हात टेबलावर नुसता टेकलेला होता, आणि अंगठा नि तर्जनी आपापसांत घासायला लागली, जणू कुणी चिमटीत तंबाखू चोळतंय. नाफडे तंबाखू खात नसत. त्यांनी डाव्या हाताने उजवा दाबून धरला. सोडला की पुन्हा सुरू. तेवढ्यात समोसा आला. त्यांनी उजवा हात पुढे केला, आणि तो एकदम शहाण्यासारखा वागायला लागला.

हे सत्त्याण्णव सालचं. नाफडे तेव्हा चोपन्न वर्षांचे होते आणि झाशीच्या बेतवा फाउंड्रीत हेड ड्राफ्ट्समन होते. पंपाची झाकणं, थ्रेशरची चाकं, उसाच्या चरकाचे रूळ, तिथे जे काही लोखंडात ओतलं जाई ते आधी नाफड्यांच्या बोर्डावर कागदात उतरे. त्यांचं अक्षर पाच मिलिमीटर उंच, किंचित उजवीकडे झुकलेलं, सगळं एका दिशेने, वाऱ्यातल्या गव्हासारखं. सहीसुद्धा तशीच, आणि सहीखाली एक आडवी रेघ. ती हाताने ओढलेली असे, पण नव्या माणसाला वाटे की पट्टी लावली होती.

वडील रेल्वेत फिटर होते, भुसावळहून बदली होऊन झाशीला आले ते इथलेच झाले. बायको इंदू मात्र झाशीच्या जुन्या मराठी घराण्यातली. तिची मराठी सात पिढ्यांपूर्वी घाट चढून निघालेली आणि वाटेत हिंदीत भिजलेली. ती अंघोळीच्या पाण्याला अजून गंगाळ काढायची आणि भाजीवाल्याशी बुंदेलीत भांडायची. नाफडे तिला म्हणत, "तुझी मराठी संग्रहालयातली." ती म्हणे, "आणि तुमची प्लॅटफॉर्मवरची." दोघांचं बरं चाललं होतं.

हात पुन्हा पुन्हा थरथरायला लागला तेव्हा नाफडे फाउंड्रीच्या डॉक्टरांकडे गेले. हे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत आणि भाजलेल्यांना मलम देत.

"काम करते वक़्त काँपता है?" डॉक्टरांनी विचारलं.

"जी नहीं. पेन्सिल पकड़ी तो बिलकुल नहीं."

"फिर कब?"

"जब आराम करता हूँ तब."

डॉक्टरांनी बराच वेळ विचार केला आणि कागदावर लिहिलं की कर्मचारी कामासाठी योग्य आहे, परंतु विश्रांतीसाठी अयोग्य. हा कागद मॅनेजरकडे गेला. मॅनेजर कनवाळू माणूस होता. त्याने नाफड्यांना बोलावून घेतलं, पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं की इथून पुढे रविवारीसुद्धा येत जा, तुमच्या तब्येतीचा प्रश्न आहे.

सात महिने नाफडे एकही सुट्टी न घेता कामावर गेले. हात पेन्सिल धरून शांत राही. पण आता दुसरंच काही सुरू झालं. अक्षर लहान व्हायला लागलं. ओळ सुरू होई पाच मिलिमीटरने आणि संपे दोनने. नाफड्यांना स्वतःला ते कळत नसे. लिहिताना त्यांना अक्षर नेहमीएवढंच वाटे. एकदा खालच्या टर्नरने अठराचे तेरा वाचले आणि चाळीस झाकणं अशी कातली की ती कुठल्याच पंपावर बसेनात. चौकशी झाली. आणि चौकशीअंती फाउंड्रीने लेथच्या शेजारी भिंतीला साखळीने एक भिंग बांधलं. वर पाटी लावली: 'नाफडे जी की ड्राइंग इसी से पढ़ें.'

शेवटी इंदूनेच त्यांना ग्वाल्हेरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं, बोटं टिचकवायला लावली, आणि पाचव्या मिनिटाला रोगाचं नाव सांगितलं. पार्किन्सन. परतीच्या गाडीत झाशी जवळ आल्यावर इंदूने पिशव्या आवरल्या. मग म्हणाली, "नाव तर साहेबाचं वाटतं. कधी गेला म्हणाले तो?"

"तो गेला गं. आजार राहिला."

गोळ्यांनी पाच-सहा वर्षं चांगली निघाली. त्यात नाफडे निवृत्त झाले. मग गोळ्यांचा अंमल तुटक व्हायला लागला. गोळी घेतल्यावर तासभर माणूस चालता-बोलता, मग एकाएकी वीज गेल्यासारखा जागच्या जागी उभा. सगळ्यात वाईट दारात होई. उंबऱ्यापाशी आले की पाय जमिनीला चिकटत. मागून कांचन, त्यांची एकुलती मुलगी, शाळेत शिकवायला निघालेली असे आणि घड्याळ बघत म्हणे, "बाबा, निकला ना. मला देर होऊन राहिली." नाफडे मान हलवत. पाय हलत नसत.

गंमत अशी की स्टेशनचा पूल ते न अडता चढत. जिना दिसला की पाय आपोआप उचलत. कांचनच्या शाळेत फरशी होती, काळ्या-पांढऱ्या चौकोनांची, तिच्यावरूनही ते ऐटीत चालले. नाफड्यांनी यावर एक दिवस विचार केला, ड्राफ्ट्समनने करावा तसा. पायाला आडवी रेघ लागते. रेघ दिसली की पाय ती ओलांडतो. रेघ नाही तर पाय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टी-स्क्वेअर आणि खडूची पेटी घेतली आणि घराच्या उंबऱ्यापासून रेघा मारायला सुरुवात केली. त्यांचं घर बड़ा बाज़ारच्या मागच्या गल्लीत होतं. दर पंचेचाळीस सेंटिमीटरला एक रेघ, गल्लीच्या पूर्ण रुंदीची, थेट कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत. एक रेघ मारायची, ती ओलांडायची, मग पुढची. सव्वादोनशे रेघा झाल्या. त्या दिवशी दीड वर्षात पहिल्यांदा नाफड्यांनी स्वतः दूध आणलं.

दुपारपर्यंत गल्लीत हाहाकार माजला. रेघा इतक्या सरळ, इतक्या सारख्या अंतरावर होत्या की त्या सरकारी नसतील असं कुणाच्या मनातच आलं नाही. रस्ता रुंद होणार. अतिक्रमण पाडणार. कापडवाले गुप्ताजी, ज्यांचा चबुतरा तीस वर्षांपासून दोन हात पुढे आलेला होता, त्यांनी विचार केला की बुलडोझर आला तर दुकानाचं शटरही जाईल. त्यांनी मिस्त्री बोलावला आणि संध्याकाळच्या आत स्वतःचा चबुतरा स्वतःच फोडून घेतला. त्यांचं बघून समोरच्याने पायऱ्या काढल्या. शेजारच्याने पत्र्याचं छप्पर मागे घेतलं.

तिसऱ्या दिवशी नगरपालिकेचा एक माणूस कुणाच्या तरी तक्रारीवरून आला, खाली वाकला, रेघेवर बोट फिरवून म्हणाला, "ये हमारे नहीं हैं. हमारे लाल होते हैं." आणि गेला.

गुप्ताजी खडूच्या मागावरून चालत नाफड्यांच्या दारात आले. "नाफडे जी, आपने मेरा चबूतरा खा लिया!"

"मैं तो दूध लेने गया था," नाफडे म्हणाले. तेव्हा त्यांचा आवाजही बारीक झाला होता, त्यामुळे गुप्ताजींना ते दोनदा विचारावं लागलं आणि रागातला जोर गेला. गल्ली मात्र तेव्हापासून रुंदच राहिली. रिक्षा आत यायला लागल्या. पुढे गुप्ताजीच लोकांना सांगत की हे त्यांनी मोहल्ल्यासाठी केलं.

याच सुमारास सहीचं प्रकरण झालं. नाफड्यांचा बँकेत एक लॉकर होता, फक्त त्यांच्या नावावर. इंदूचं नाव घालायचं ते वीस वर्षं पुढच्या महिन्यावर ढकलत आले होते. आता लॉकर उघडायला गेले की सही जुळेना. नमुन्याच्या कार्डावर ती झुकलेली, रेघवाली सही, आणि नाफडे रजिस्टरात जे काढत ते दिसे शाईत पडलेली मुंगी कागदावरून पळाल्यासारखं. बँकेने सांगितलं की नवा नमुना द्या. नाफड्यांनी थरथरत्या हाताने तीन वेळा सही केली, कार्ड बदललं, आणि जुनी सही फाइलीत खाली गेली. घरी येऊन ते इंदूला म्हणाले, "आज मी अधिकृतपणे असा झालो."

दोन हजार आठ साली, ग्वाल्हेरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून, दिल्लीच्या एका मोठ्या रुग्णालयातून बोलावणं आलं. मेंदूत दोन बारीक तारा घालायच्या, त्या कातडीखालून छातीपर्यंत आणायच्या आणि तिथे काडेपेटीहून थोडं मोठं यंत्र बसवायचं. यंत्र अखंड वीज सोडत राहणार, आणि तिच्याने हात थांबणार. रोग बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. नाफड्यांनी फक्त एवढंच विचारलं की तार नेमकी कुठे जाते हे ठरवता कसं.

याचं उत्तर त्यांना ऑपरेशनच्या दिवशी मिळालं. डोक्याचा गोटा केलेला. कपाळाला दोन आणि मागे दोन असे चार स्क्रू लावून एक धातूची चौकट डोक्यावर बसवलेली. चौकटीवर तिन्ही दिशांच्या मोजपट्ट्या. माणूस पूर्ण जागा, कारण त्याने बोलायचं असतं, हात हलवून दाखवायचा असतो. नाफड्यांनी आरशात ती चौकट बघितली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणीतरी आपल्या भाषेत बोलतंय असं वाटलं.

"इसका लीस्ट काउंट क्या है?" त्यांनी विचारलं.

सर्जन थबकले. "आधा मिलीमीटर."

"बस?"

"क्यों, कम है?"

"हमारे पंप के ढक्कन में पाव लगता था," नाफडे म्हणाले. आणि मग सर्जनचं तोंड बघून, "पर आपका माल नरम है. चल जाएगा."

कवटीला भोक पाडताना आवाज फार झाला, दुखलं नाही. मग तार आत जायला लागली आणि खोलीतल्या स्पीकरमधून खरखर यायला लागली, रेडिओवर स्टेशन लागण्याआधी येते तशी. शेजारी बसलेली तरुण डॉक्टर म्हणाली, "अंकल, ये आपके दिमाग़ की आवाज़ है."

नाफड्यांनी लक्ष देऊन ऐकलं. "यात मी कुठला?" असं ते मराठीत पुटपुटले. तिला कळलं नाही. तिने ते लिहून घेतलं.

मग तिने त्यांच्यापुढे एक पाटी धरली. तिच्यावर छापील गोगलगाय होती, आतून बाहेर उलगडत जाणारी एकच रेघ. तिच्या शेजारी तशीच काढायची. पहिली त्यांनी वीज न सोडता काढली. ती बघून नाफड्यांनी डोळे मिटून घेतले. मग कुणीतरी आकडे सांगायला लागलं, एक, एक पॉइंट पाच, दोन, आणि दोन पॉइंट चारला उजवा हात थांबला. कुणी दाबून धरल्यासारखा नव्हे. रस्त्यावरचा कर्णा बंद झाल्यावरच कळावं की तो वाजत होता, तसा.

"अब बनाइए."

नाफड्यांनी पेन धरलं. काढायला लागले. आणि अर्ध्यावर हसायला लागले.

सगळी खोली गंभीर झाली. वीज चुकीच्या जागी लागली तर रोग्याला उगाच हसू फुटतं, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. त्यांनी वीज कमी केली. नाफडे हसतच होते. बंद केली. हात थरथरायला लागला, हसू थांबेना. तारेची जागा तपासली, आकडे पुन्हा वाचले, दुसऱ्या खोलीतून एका वरिष्ठाला बोलावलं. दहाएक मिनिटं हे चाललं. शेवटी तरुण डॉक्टरने वाकून विचारलं, "अंकल, कैसा लग रहा है? हँसी क्यों आ रही है?"

"बेटा," नाफडे म्हणाले, "तुम्हारी जो छपी हुई है, वो ग़लत है. तीसरे फेरे में दूरी बढ़ गई है."

पाटी हातोहात फिरली. सर्जनने मोजपट्टी मागवली. तिसऱ्या वेढ्यात खरंच दीड मिलिमीटरचा फरक होता. हीच छापील गोगलगाय ते नऊ वर्षं रोग्यांना देत होते.

महिनाभराने यंत्र कायमचं सुरू झालं. सोबत एक रिमोट मिळाला. त्याने यंत्र बंद-चालू करता येणार, आणि वीज दीडपासून तीन पॉइंट दोनपर्यंत घरी कमी-जास्त करता येणार, त्याबाहेर नाही. रिमोट इंदूने ताब्यात घेतला आणि कापडी पिशवीत घालून कमरेला खोचला. दोन पॉइंट आठवर नाफडे उत्तम चालत, जेवत, लिहीत. इंदूने तो आकडा पाठ केला आणि त्याला कुणाला हात लावू दिला नाही. अक्षर परत आलं. पाच मिलिमीटर. पहिल्या दिवशी त्यांनी वाण्याच्या यादीचे चार कागद लिहिले. घरात हवं होतं फक्त मीठ.

आता कांचनचं लग्न ठरलं. बाबांचं काहीतरी मार्गी लागल्याशिवाय नाही असं म्हणत ती थांबली होती, एकोणतीस वर्षांची झाली होती. मुलगा ग्वाल्हेरचा. लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा इंदूला नथ हवी होती. नथ तिच्या पणजीची, आणि ती लॉकरमध्ये होती.

तिघं बँकेत गेली. लॉकर सांभाळणारे श्रीवास्तवजी सभ्य गृहस्थ होते, नियमाला धरून चालणारे. त्यांनी रजिस्टर पुढे केलं. नाफड्यांनी पेन उचललं आणि सही केली, झुकलेली, सुबक, खाली ती रेघ. स्वतःच तिच्याकडे दोन क्षण बघत राहिले.

श्रीवास्तवजींनी कार्ड काढलं. एकदा कार्ड बघितलं, एकदा रजिस्टर. "ये आपकी सही नहीं है."

"मेरी ही है. ये असली वाली है."

"आपकी तो काँपती है, नाफडे जी." त्यांनी कार्ड फिरवून दाखवलं. "ये देखिए. ये आप हैं."

कांचनने सगळं समजावून सांगितलं. तार, यंत्र, दिल्ली. श्रीवास्तवजींनी सहानुभूतीने ऐकलं आणि म्हणाले की दिल्लीच्या डॉक्टरचं पत्र आणा, वर कळवू, महिन्याभरात होईल. इंदूने विचारलं, "अंगठा चालेल का?" श्रीवास्तवजी म्हणाले की अंगठा निरक्षराचा घेतात, आणि भाईसाहब तर इतके शिकलेले.

नाफड्यांना एक कल्पना सुचली. त्यांनी रजिस्टर जवळ ओढलं आणि मुद्दाम हात हलवत, कार्डाकडे बघत बघत, थरथरती सही काढली. चांगली साधली होती. श्रीवास्तवजींचा चेहरा पडला.

"नाफडे जी, ये तो आप नक़ल कर रहे हैं. मेरे सामने."

"अपनी ही सही की नक़ल है!"

"नक़ल तो नक़ल है."

मग इंदूने कमरेची पिशवी सोडली आणि रिमोट काढला. "बंद करते," ती म्हणाली.

"आई, यहाँ?" कांचन म्हणाली. "सब लोक बघतायत."

"बघू देत. नथ हवी आहे मला."

तिने रिमोट नाफड्यांच्या छातीला लावला आणि यंत्र बंद केलं.

मिनिटभर काही झालं नाही. मग उजवा अंगठा तर्जनीवर घासायला लागला. मग मनगट, मग सगळा हात. खांदे पुढे झुकले. चेहऱ्यावरून काहीतरी ओसरत गेलं, आणि इंदू बघत राहिली. दहा वर्षं ती ज्या माणसाशेजारी बसून जेवली होती तो माणूस समोर येऊन बसला होता. पाच महिन्यांत ती त्याला पार विसरली होती.

"करा सही," ती हळू म्हणाली.

नाफड्यांनी केली. श्रीवास्तवजींनी कार्ड शेजारी धरलं आणि खऱ्या खेदाने मान हलवली. "ये ज़्यादा हो गया."

ते बरोबर होतं. कार्ड तीन-चार वर्षांपूर्वीचं. रोग मधल्या काळात वाढला होता. आता हवी होती तेव्हाची थरथर, आजची नव्हे.

इथे नाफड्यांमधला ड्राफ्ट्समन जागा झाला. त्या झुकलेल्या खांद्यांतून, बारीक आवाजात ते म्हणाले, "इंदू, दीडवर लाव."

दीडवर सही पुन्हा थरथरली, पण जरा कमी. श्रीवास्तवजी खुर्चीतून उठून काउंटरच्या बाहेर आले. "थोड़ा और."

"दोन."

"नहीं, ये साफ़ हो गई. पीछे लीजिए."

आता रांगेतले लोकही जवळ आले होते. एक पेन्शनर म्हातारे चष्मा लावून कार्डावर वाकले आणि म्हणाले की 'न' बरोबर आहे, 'फ' अजून फार सरळ आहे. कॅशियर जाळीतून ओरडला की एक पॉइंट सात करून बघा. इंदू बटण दाबत होती, नाफडे सह्या करत होते, शिपायाने कोरा कागद आणून दिला. एक पॉइंट सातला थरथर जास्त झाली. एक पॉइंट नऊला कमी. कांचन भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते, आणि ती हसतेय की रडतेय हे कुणालाच सांगता आलं नसतं, तिलाही.

"एक पॉइंट आठ," नाफडे म्हणाले. "आता हलवू नको."

त्यांनी रजिस्टरात सही केली. श्रीवास्तवजींनी कार्ड लावलं. एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्या. "मिल गई," ते म्हणाले. "ये आप ही हैं." बँकेत टाळ्या वाजल्या.

सगळे लॉकरच्या खोलीकडे निघाले, आणि नाफडे त्या खोलीच्या दारात उभेच राहिले. पाय उचलेना. श्रीवास्तवजी किल्ली घेऊन आत, इंदू त्यांच्यामागे आत, दोघं वळून बघतायत.

"इंदू," ते म्हणाले, "आधी मला चालू कर."

ती धावत परत आली. घाईत तिने आकडे बघितले नाहीत, नुसतं बटण दाबत राहिली, आणि तीन पॉइंट दोनवर नाफड्यांची जीभ जड झाली, गाल एका बाजूला ओढला गेला. मग दोन पॉइंट आठ. हात थांबला. चेहरा जागेवर आला. ते आत गेले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

नथ मिळाल्यावर नाफडे परत काउंटरवर आले आणि सही बदलण्याचा अर्ज मागितला. अर्जावर वर जुनी सही आणि खाली नवी, अशा दोन्ही श्रीवास्तवजींच्या समोर करायच्या होत्या. म्हणजे पुन्हा एक पॉइंट आठ, सही, मग दोन पॉइंट आठ, सही. या वेळी इंदूचा हात सराईत झाला होता. श्रीवास्तवजींनी दोन्ही सह्यांकडे खूप वेळ बघितलं, आणि समासात आपल्या हाताने लिहिलं की वरील दोन्ही सह्या एकाच व्यक्तीच्या असून मधल्या काळात व्यक्ती बदललेली नाही. मग दुसऱ्या अर्जावर इंदूचं नावही लॉकरला लावून घेतलं. हे श्रीवास्तवजींनीच सुचवलं, कुणी विचारायच्या आत.

त्या संध्याकाळी कांचनने विचारलं, "बाबा, बंद केल्यावर कसं वाटलं? डर लगा?"

"थरथरीची नाही वाटली भीती," ते म्हणाले. "भीती ह्याची वाटली की फार ओळखीचं होतं. जुनी चप्पल पायात घालावी तसं. मी आपला आत जाऊन बसलो होतो. तुझी आई नसती तर बसलोच असतो."

लग्न ग्वाल्हेरला झालं. इंदू नथ घालून मिरवली आणि रिमोट शालूच्या ओच्यात खोचून बसली. फोटोवाल्याने तिला दोनदा सांगितलं की काकू, मोबाइल बाजूला ठेवा.

पुढची वर्षं नाफड्यांना बरी गेली, अगदी सोपी नाही. चार वर्षांनी छातीतली बॅटरी संपत आली, ती दिल्लीला जाऊन बदलली. यंत्राने हात सांभाळला, पण तोल हळूहळू जात राहिला, आवाज आणखी बारीक झाला, आणि नाफडे काठी घेऊन चालायला लागले. त्याबद्दल ते कुरकुरत नसत. डॉक्टरांनी आधीच तीनदा सांगितलं होतं, म्हणत.

बातमी मात्र पसरली होती. बँकेतल्या त्या दुपारचा किस्सा फिरत फिरत तहसिलीच्या गावांपर्यंत पोचला, आणि लोक त्यांना बघायला यायला लागले. बरुआसागरहून आल्याची शेती करणारा एक जण बसने आला. कुणी म्हणे, एकदा बंद करके दिखाइए. इंदू त्यांना पाणी द्यायची आणि सांगायची, "हा तमाशा नाही भैया, नवरा आहे माझा."

असेच एकदा मऊरानीपुरचे धान्याची दलाली करणारे एक आडती आले, सत्तरीचे, मुलगा सोबत. त्यांचा डावा हात मांडीवर सारखा उडत होता. मुलगा म्हणाला, दिल्लीवाल्यांनी होकार दिलाय, पण बाबूजी तयार नाहीत, डोक्याला भोक पाडू देणार नाही म्हणतात. ते स्वतः खाली मान घालून बसले होते.

नाफड्यांनीही त्यांना काही पटवून सांगितलं नाही. ते एक पेन्सिल तासत बसले होते. शार्पनर त्यांनी आयुष्यात वापरला नव्हता. नुसतं ब्लेडचं अर्धं पातं, अंगठ्याने मागून रेटत, लाकडाची एकेक पातळ साल काढायची, आणि शिसाचं टोक पाऊण इंच उघडं करायचं, सुईसारखं, न मोडता. पातं बोटाच्या अगदी जवळून जात होतं. आडती आता मान वर करून ते बघत होते. मुलाने काहीतरी विचारायला तोंड उघडलं तर त्यांनी उजव्या हाताने त्याला थांबवलं.

पेन्सिल झाली. नाफड्यांनी टोक उजेडात धरून फुंकर मारली.

"नाफडे जी," आडत्यांनी विचारलं, "वो जो अंदर चलती रहती है... कैसा लगता है?"

"कुछ नहीं लगता," नाफडे म्हणाले. आवाज इतका बारीक की आडत्यांना पुढे वाकावं लागलं. "यही तो बात है, भैया. कुछ भी नहीं लगता."

आणि त्यांनी दुसरी पेन्सिल तासायला घेतली.